बटर पेपर, पेन्सिल आणि दोन घोडे

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना मी तीस वर्षं सांगत आलो, की डोळ्याला वाटतं कळलं, हाताला कळलेलं नसतं, आधी गिरवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये केहिंदे वायली या अमेरिकन चित्रकाराचं 'नेपोलियन लीडिंग द आर्मी ओव्हर द आल्प्स' (2005) समोर आलं आणि मीच ते विसरलो. नऊ बाय नऊ फूट कॅनव्हास, उधळलेला पांढरा घोडा, वर लष्करी छापाच्या कपड्यांतला कृष्णवर्णीय तरुण, पायांत टिंबरलँडचे बूट. लेक म्हणाली, "बाबा, जुन्या चित्रावरून केलंय." मी म्हटलं, "दिसतंय की." चौकाचौकात अश्वारूढ पुतळे बघत मोठा झालेला माणूस मी, घोड्यावरचा वीर म्हटला की बघण्याआधीच मान डोलते.

मग घरी बसून जे केलं, ते तुम्हीही करून बघा.

जाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराचं, घोड्यावरच्या नेपोलियनचं मूळ चित्र शोधा, पण जपून. त्याच्या पाच प्रती आहेत, 1801 ते 1805च्या. मी आधी बर्लिनच्या शार्लोटेनबर्ग राजवाड्यातली छापली. तिच्यात घोडा तपकिरी, आणि मी पाऊण तास त्या रंगावरच डोकं खाजवत बसलो. पॅरिसजवळच्या मालमेझोंमधली पहिली प्रत घ्या. 2020मध्ये ब्रुकलिनला वायलीच्या जोडीला तीच आणली होती.

छापताना कागद नव्हे, घोडे एका मापाचे करा. दाविदचं चित्र उभं आहे, वायलीचं चौरस. आता बटर पेपर ठेवून चारच गोष्टी गिरवा: घोड्याची मान-पाठ, उचललेले पाय, स्वाराचा वर गेलेला हात, झग्याची कड. कागदावर कागद ठेवला की रेषा बऱ्याचशा जुळतात. तिथे खूश होऊन थांबू नका.

जे गिरवलं नाही, ते बघा. दाविदकडे घोड्यामागे, खाली सैनिक तोफा चढवताहेत, वर ढगाळ आकाश. वायलीने फौज काढून टाकली, आकाशही काढलं. मागे लाल भिंत, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी. घोडा उधळलाय खरा, पण पुढे डोंगरच उरलेला नाही. नावात मात्र 'आर्मी' शाबूत!

दाविदचंही सगळं खरं धरू नका. नेपोलियनने 1800मध्ये आल्प्सचा तो घाट खेचरावरून ओलांडला होता. पोझ द्यायलाही तो बसला नाही. दाविदने आपल्या मुलाला शिडीवर बसवलं. वायली रस्त्यावरच्या तरुणांना गाठून त्यांना जुन्या चित्रांतल्या पोझमध्ये उभं करतो. म्हणजे दोन्हीकडे स्वार उसनाच.

खालच्या खडकांवर भिंग धरा. दाविदने बोनापार्ट आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडलेले हॅनिबल आणि कारोलुस माग्नुस, म्हणजे सम्राट शार्लमेन, ही नावं कोरलीत. वायलीने ती ठेवली आणि आणखी एक घातलं: विल्यम्स. फौज गेली, आडनाव आलं. मी इथेच सगळ्यात जास्त वेळ अडकलो.

वेलबुट्टी शेवटी घ्या. तिच्यातले शेपटीवाले पांढरे ठिपके मी कळ्या समजून मन लावून गिरवले. जावयाने घसा खाकरून सांगितलं, की ते शुक्रजंतू आहेत. शाळेत माझ्या जागी आलेल्या मॅडमना घोड्यांचे दोन्ही बटर पेपर पाठवलेत. तो तिसरा कागद माझ्याकडेच आहे.