थकलेल्या आजी-आजोबांना वॉर्डात पहिल्या दिवशी कसं तपासायचं

आमच्या वॉर्डात नवीन आलेल्या डॉक्टरांना मी आधी नातेवाइकांकडे पिटाळते. विचारायचं एवढंच, की दोन आठवड्यांपूर्वी आजी काय काय स्वतः करत होत्या? आज त्या आडव्या आहेत, पण तापाने कोणीही आडवं होतं. "सगळं करायच्या हो" या उत्तरावर थांबू नका. बटणं कोण लावायचं? रात्री संडासला जाताना हात धरावा लागायचा का? गोळ्या कोण काढून द्यायचं? डॉ. रॉकवूड यांच्या १ ते ९ च्या फ्रेल्टी स्केलवरचा (म्हातारपणातला अशक्तपणा मोजायची पट्टी, आकडा मोठा तितका माणूस जास्त थकलेला) आकडा या आधीच्या स्थितीवरून द्यायचा. तो ५ किंवा जास्त आला, तर नुसता न्यूमोनिया बरा करून भागत नाही.

मग डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती. चष्मा आणि कानाचं मशीन लावल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही. ऐकूच न आलेल्या माणसाला 'गोंधळलेला' ठरवलेलं मी फार वेळा पाहिलंय. डिलिरियम ओळखायच्या '४एटी' चाचणीला दोनेक मिनिटं लागतात: जाग कशी आहे ते बघा, वय, जन्मतारीख, जागा आणि साल विचारा, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगा, आणि वागण्यात अचानक फरक पडलाय का, हे घरच्यांकडून काढून घ्या. गुण ४ किंवा जास्त असतील तर डिलिरियम धरून चाला. ओरडणारे आजोबा सगळ्यांच्या लक्षात येतात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, 'काही त्रास नाही' अशी नोंद झालेल्या आजी हमखास सुटतात. कारण शोधताना ओटीपोटावर हात ठेवा. तुंबलेली लघवी तिथे घट्ट गोळ्यासारखी लागते. शौचाला कधी झालं तेही विचारा. ते विचारायची लाज तरुण डॉक्टरांनाच जास्त.

गोळ्यांची अख्खी पिशवी मागवा आणि एकेक गोळी कशासाठी, ते विचारा. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळ्या यांच्यावर माझा पहिला संशय. पण वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडायची नाही.

बीपी पाच मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचं एक कारण सापडलं. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर का आहे, ते रोज विचारा. उत्तर नसेल तर काढा.

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉक्टर मार्जरी वॉरेन यांनी 'कायमचे अंथरुणाला खिळलेले' म्हणून सोडून दिलेले पेशंट नीट तपासले, आणि त्यातले कितीतरी उठून घरी गेले. वॉरेन नुसत्या तपासणीवर थांबल्या नाहीत, पुढचं कामही केलं, म्हणून. तपासणीचा फॉर्म भरून फाईलला लावला की आपलं झालं, असं धरू नका. फिजिओ, नर्स, फार्मासिस्ट आणि समाजसेवक यांना त्याच दिवशी एकत्र बसवा आणि प्रत्येक अडचणीपुढे करणाऱ्याचं नाव लिहा. आजींना स्वतःला काय हवंय, ते त्यांनाच विचारून सर्वांत वर लिहा, मुलाने परस्पर दिलेलं उत्तर नको.