नाकात नळी असलेलं माणूस घरी आणताना

दवाखान्यातून निघायच्या आदल्या दिवशी नर्सबाईंना सांगा, "आजचं फीड मी देते, तुम्ही नुसतं बघा." फीड म्हणजे त्या नळीतून पोटात सोडायचं पातळ जेवण. एकदा नाही, तीन वेळा द्या. आणि घरातल्या कुणाला तरी फोनवर त्याचं शूटिंग करून ठेवायला सांगा. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या गालाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोनदाच फीड दिलं होतं, तेही नर्सबाईंचा हात माझ्या हातावर असताना. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी सिरिंज हातात धरून उभी राहिले आणि आधी नळी चिमटीत धरायची की आधी टोपण काढायचं, हेच आठवेना. आधी नळी चिमटीत धरायची, मग टोपण काढायचं. नाहीतर पोटात हवा जाते.

आत्या चाळीस वर्षं मिश्री लावायच्या. डाव्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, मग तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला. गालाचा तो भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस-कातडी वर घेऊन गाल भरला. तेराव्या दिवशी आम्ही त्यांना सोलापुरात घरी आणलं, भर एप्रिलमध्ये. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, त्यामुळे दिवसभर त्यांच्याजवळ मीच. इथे लिहितेय ते अशा तोंडाच्या ऑपरेशननंतरचं आहे. तुमच्या पेशंटच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी फीडचं सांगते, कारण दिवसातला निम्मा वेळ त्यातच जातो. आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंनी दर दोन तासांनी २०० मिली सांगितलं होतं, सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत. प्रत्येक वेळी पेशंटला बसवायचं, बसणं जमत नसेल तर पाठीमागे उशा लावून निदान अर्धं उठवायचं. नळीवर नाकपुडीशी जिथे खूण आहे ती जागची हलली नाही ना, हे पाहायचं. हलली असेल, नळी बाहेर आलेली दिसत असेल, तर फीड द्यायचं नाही आणि नळी आपल्या हाताने आत ढकलायची नाही. ती श्वासाच्या वाटेला जाऊ शकते. सरळ दवाखाना गाठायचा.

खूण जागेवर असेल तर ५० मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून नुसती नळकांडी नळीला लावायची आणि आधी ३० मिली पाणी सोडायचं. मग फीड ओतायचं, सिरिंज डोक्याच्या थोडी वर धरून. आपल्या वजनाने जेवढं उतरेल तेवढंच उतरू द्यायचं, दांड्याने दाबायचं नाही. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. मध्येच ठसका लागला, धाप लागली, तर तिथेच थांबायचं. फीड झाल्यावर अर्धा ते एक तास आडवं होऊ द्यायचं नाही. आत्यांना जेवल्यावर पडायची सवय, त्यामुळे या एका तासासाठी मी माझी मशीनच त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली.

फीडमध्ये मी नाचणीची पातळ लापशी, शिजवून घोटलेली मुगाची डाळ, दूध, उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून आणि चमचाभर तेल, असं आलटून पालटून देत होते. साखरेचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. चौथ्या दिवशी मला वाटलं, शेंगदाण्याचं कूट घातलं तर अंगात ताकद येईल. सोलापूरच्या बाईला शेंगदाण्याशिवाय जेवण पुरं वाटत नाही. कूट बारीक होतं, गाळलंही होतं, तरी नळी गच्च बसली. कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करून पाहिलं, निघेना. तार किंवा सुई घालून मोकळी करायला जाऊ नका आणि जोरही लावू नका, नळी फाटते. आम्हाला जाऊन नळी बदलून आणावी लागली, आणि नवी नळी नाकातून जाताना आत्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते माझ्या हौसेपायी आलं. तेव्हापासून गाळणीवर मलमलचा तुकडा टाकून दोनदा गाळायचं, हा नियम केला. शेंगदाणे, रव्याची जाड खीर, चोथ्याची भाजी, सगळं बंद.

गोळ्याही त्याच नळीतून द्याव्या लागतात. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, पाण्यात पूर्ण विरघळवायची, दोन गोळ्यांच्या मध्ये पाणी सोडायचं. पण सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही कुटायची का, हिचं पातळ औषध मिळतं का.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणजे प्यायचं पाणी साठवलेलंच. आत्यांच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी तोटीच्या एका स्टीलच्या टाकीत वेगळं ठेवलं आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं. केलेलं फीड उन्हाळ्यात बाहेर एका तासाच्या वर ठेवू नका. फ्रिजमधलंही २४ तासांत संपवा, आणि लाइट बराच वेळ गेली असेल तर टाकून द्या, जीव हळहळला तरी.

फीडइतकीच महत्त्वाची एक गोष्ट मला उशिरा कळली. आत्यांना पहिले दोन-तीन आठवडे नीट बोलता येत नव्हतं, आणि घरात आलेला प्रत्येक जण त्यांच्याशी मोठ्याने, तुटक बोलायचा, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. नाहीतर त्यांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलायचा. "जेवण जातंय का त्यांना?" त्या समोरच बसलेल्या. आत्या चौथी शिकलेल्या. मुलाची जुनी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वाजवायला स्टीलची वाटी-चमचा दिला. पाटीवर त्यांनी पहिलं काय लिहिलं? "छातीत गरम लागतं." तीन दिवस मी फीड जास्त गरम देत होते आणि कुणी विचारलंच नव्हतं. आता मनगटावर थेंब टाकून बघते, लहान बाळाचं दूध बघतात तसं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "जोंधळे दळून आणले का?" स्वतःला भाकरीचा घास जात नसताना घराची चक्की त्यांच्या डोक्यात चालूच होती. मग मी त्यांना रोज विचारायला लागले, भाजी काय करू, दूधवाल्याचा हिशोब किती झाला. शर्टांची बटणं निवडायचं काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं. लिहिता न येणारं माणूस असेल तर कागदावर पाणी, दुखतंय, संडास, झोप, पंखा अशी चित्रं काढून द्या, बोट ठेवता येतं.

कपड्यांचं माझ्या हातचंच काम होतं. डोक्यावरून घालायचं काही चालत नाही, नळी ओढली जाते, छातीचे टाके दुखतात. मी सुती गाऊन पुढून पूर्ण उघडे करून बटणं लावली, गळा मोठा ठेवला, काखेत ढिलाई दिली. मानेभोवती घट्ट काहीही नको, मंगळसूत्रसुद्धा नको. ऑपरेशन झालेल्या बाजूला टेकून झोपणंही नको, कारण वर आणलेल्या मांसाचा रक्तपुरवठा मानेतूनच जातो. तो गालातला भाग काळा-निळा दिसू लागला, घाण वास आला, मानेला एकदम सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंडातून किंवा मानेतून भळभळ रक्त आलं तर ती जागा स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा; श्वास अडकला तरीही लगेच १०८. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, आणि केमो चालू असेल तर अजिबातच नाही.

तोंड धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा, चूळ फार जोरात न भरता. दुखण्याच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे द्या, दुखेपर्यंत थांबू नका. मॉर्फिन दिलं असेल तर घाबरू नका, पण त्यासोबत पोट साफ व्हायचं औषध मागून घ्याच.

माणसं भेटायला येणार. मंगळवेढ्याहून, अक्कलकोटहून, शहाळी घेऊन येणार, आणि त्यांतलं कुणीतरी आत्यांच्या उशाशी बसून सांगणार की आमच्या चुलतभावाला पण हेच झालं होतं, सहा महिने काढले बिचाऱ्याने. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दारातच खुर्ची टाकली. दोघांच्या वर आत नाही, सर्दी-खोकला असेल तर आत नाही, आणि दहा मिनिटं. माणसं रागावली. रागावू द्या.

मिश्रीचा डबा मी आत्या दवाखान्यात असतानाच टाकला होता. पण मामांची तंबाखूची चंची घरातच होती, आणि शेजारी तव्यावर मिश्री भाजली की वास थेट आत यायचा. आत्या डोळे मिटून घ्यायच्या. तलफ हा हट्ट नसतो, अंगच मागत असतं. १८००-११२-३५६ या तंबाखू सोडण्याच्या मोफत हेल्पलाइनवर मामांनी आधी फोन केला, आत्यांच्या वतीने म्हणून, आणि मग स्वतःसाठी.

आता सगळ्यात कळकळीने सांगायचं ते रेडिएशनबद्दल. गाठीच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. "जरा ताकद येऊ दे", "पुतण्याचं लग्न होऊ दे", असं आमच्याही घरात झालं. उशीर केला तर आजाराला वेळ मिळतो. आठवड्याचे पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालतं, तेव्हा रोज कोण नेणार हे आधीच वहीत लिहून ठेवा. त्याआधी दात दाखवून घ्या. नंतर दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं सांगितल्याशिवाय काढू देऊ नका, जबड्याचं हाड बिघडू शकतं. रेडिएशनच्या जागेवर तेल, पावडर, हळद काही नाही. सोलापूरचं ऊन तर अजिबात नाही, मऊ सुती पदर किंवा ओढणी वरून घ्यायची.

मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यायचं. महात्मा फुले योजनेचं काय काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स पिशवीतच ठेवा.

व्यायाम कंटाळवाणा आहे पण सोडू नका. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड होतो. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा, जिथवर गेला तिथे पेन्सिलने खूण. तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, डॉक्टर म्हणतील तेव्हापासून, दिवसातून चार-पाच वेळा. आत्या नऊ काड्यांवर होत्या, आता सतरावर आहेत.

नळी काढायच्या आधी गिळण्याची तपासणी झाली. तोंडाने सुरू करताना पाणी आधी देऊ नका, पातळ पाणीच लवकर ठसका लावतं. आम्हाला दाटसर पेज सांगितली होती. ताठ बसून, हनुवटी थोडी खाली, अर्धा चमचा, तो गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. चार चमच्यांना पाऊण तास लागला, आणि मी मध्येच वाटी उचलायला गेले तेव्हा आत्यांनी माझं मनगट धरलं आणि पाटीवर लिहिलं, "थांब, अजून आहे."