बीटलचा घासलेला डेल्को पुन्हा उभा करायचाय? नवीन पोरांसाठी थोडं

नवीन पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) टाकले, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ करून झाला आणि तरी गाडी आयडलला डुलतेच, तर आता डेल्कोची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप आणि रोटर काढा आणि शाफ्टचं वरचं टोक चिमटीत धरून आडवं हलवून बघा. टकटक हललं तर दुखणं तिथंच आहे. पॉइंटचा गॅप असतोय 0.4 मिलीमीटर. शाफ्टमध्ये नुसता 0.1 चा प्ले असला तरी चालत्या इंजिनात गॅपचा पाव हिस्सा इकडंतिकडं होतोय, मग फीलर गेज लावून कितीही देवासारखा गॅप सेट करा, बंद गाडीत बरोबर आणि चालत्या गाडीत चूक. गॅप बदलला की टायमिंगही बदलतंय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला करंट वेगळ्या वेळी.

पॉइंट, ड्वेल (पॉइंट मिटून राहतात तो कोन), अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी देणं) हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहितोय. बेळगावात हे काम शिकायचं म्हणजे काय होतंय ते मी भोगलंय. गॅरेजमधले जुने उस्ताद चांगलेच, पण बरेचजण डेल्को खोलताना पाठ फिरवून बसतात, पोरगा जवळ आला की चहा आणायला पाठवतात. माझं मत सांगतो, राग आला तरी चालेल, जो हातात पाना देत नाही त्याच्याकडं वर्ष घालवू नका. त्यापेक्षा उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात, एखादा बारीक कामाचा लेथवाला धरा. हायड्रॉलिकचे स्पूल करणाऱ्या माणसाला मायक्रॉनची भाषा कळते आणि मोटारीबद्दल त्याला कसला अहंकार नसतोय. पहिल्यांदा तो "स्वल्प तडीरी (थोडं थांबा), आधी कंपनीचा माल जाऊ दे" म्हणून बसवून ठेवणार, बसा. त्याच्याकडं बसून मला जे कळलं ते कुठल्या गॅरेजात कळलं नव्हतं.

आणि पहिला हात बीटलच्या बॉशवर टाकू नका. भंगारातनं अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर पद्मिनीचा डेल्को घ्या, तो खोला, जोडा, परत खोला. बॉशची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, एक ठोका वाकडा बसला की कान तुटतोय आणि गाडीमालकाला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न खरंच झोप उडवतो.

बुशचं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीचं, थोडक्यात. आधी शाफ्ट मापा, बुश नंतर. शाफ्टवरनं नख फिरवा, बुशच्या जागी पायरी लागली तर नुसता नवा बुश टाकून काही होणार नाही, प्ले निम्मा राहणार. मग शाफ्ट ग्राइंड करून त्या मापाचा बुश करून घ्यायचा. खालच्या ड्राइव्ह डॉगची (इंजिनाकडनं शाफ्टला फिरवणारा तुकडा) पिन काढताना शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही खाचेच्या ठोकळ्यावर, टेकवा, हवेत धरून ठोकलात तर शाफ्ट वाकलाच म्हणून समजा. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेला, बुश घेतला तर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवा, आणि तो बसवल्यावर पॉलिश पेपर घालून घासू नका, त्याची बारीक छिद्रं बुजतात आणि मग तेल बाहेर येणार कुठनं? भोक मापात आणायला धारदार रीमर, तोही वरनं खालपर्यंत एका दमात सरळ. वर वेगळा आणि खाली वेगळा मारला की दोन्ही भोकं आपापल्या जागी बरोबर असतात पण एका रेषेत नसतात, शाफ्ट अडकतो. जमलं की नाही ते बघायला तेल लावून शाफ्ट वरनं सोडा. आपल्या वजनानं हळू, न थांबता खाली उतरला पाहिजे आणि आडवा हलवला तर बोटाला काही लागता कामा नये. हे पहिल्यांदा जमलं ना, की छाती भरून येते, खोटं नाही सांगत.

अ‍ॅडव्हान्सच्या वजनांच्या दोन स्प्रिंगा वेगळ्या जाडीच्या दिसल्या किंवा एक सैल दिसली तर लगेच सारख्या करायला जाऊ नका, काही मॉडेलला तशाच असतात. ताणू नका, कापू नका, कुठली कुठं होती त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

आता ज्यासाठी बसून लिहितोय ते. नीट वाचा, दोनदा वाचा.

जुन्या बीटलला ऑइल कूलर फॅन हाउसिंगच्या आतच उभा असतोय, तीन नंबर सिलिंडरच्या वाटेत. म्हणून तीन नंबरला गरम झालेली हवा मिळते आणि तो सगळ्यात जास्त तापतो. 1971 च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून त्याला वेगळी हवा दिली, पण त्याआधीच्या गाड्यांना फोक्सवॅगनने बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅमचा तीन नंबरचा लोब (पॉइंट उघडणारा उंचवटा) मुद्दाम मागं, म्हणजे ठिणगी उशिरा येईल असा, ठेवला, क्रँकच्या हिशोबात तीन-चार डिग्री. डोळ्याला दिसत नाही. चारही लोब सारखेच वाटतात.

डॉग खाली पिननं बसतोय आणि भोक आरपार असल्यामुळं तो उलटाही, म्हणजे 180 डिग्री फिरवूनही, तितकाच छान बसतोय. वरचा कॅमसुद्धा वजनांवर उलटा बसू शकतो. तसं झालं की एक नंबर टीडीसीवर (पिस्टन एकदम वर) असताना रोटर बॉडीच्या काठावरच्या एक नंबरच्या खाचेकडं न बघता बरोबर समोर बघतो. आणि इथं कुणीतरी शहाणा म्हणतो, त्यात काय, कॅपवरच्या वायरी दोन घरं फिरवून टाक. फिरवल्या की गाडी एका सेल्फमध्ये चालू. सगळे खूष.

पण लोबचं काय झालं? मागं ठेवलेला लोब आता एक नंबरला करंट देतोय. तुम्ही टायमिंग लावणार एक नंबरवरच. म्हणजे मागं पडलेल्या लोबवर साडेसात डिग्री लावलीत की बाकीचे तीन आपोआप अकरापर्यंत पुढं जातात. आणि तीन नंबर, ज्याला तीन-चार डिग्री कमी मिळायला हवी होती, त्याला तेवढीच जास्त. फरक धरा सहा ते आठ डिग्रीचा, तोही सगळ्यात तापणाऱ्या सिलिंडरला. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, उलट पिकअप बरा वाटतो.

गोव्याची एक गाडी माझ्याकडं आली ती अशीच. हायवेला मस्त, चोर्ला घाटाच्या चढाला लागली की इंजिनात ठोका. आधी कुणी खोलली होती त्यांचं नाव घ्यायचं कारण नाही. पेट्रोल बदललं, जेट बदलले, फॅनचा पट्टा, पत्रे, प्लगचा हीट रेंज, सगळं बघून झालं, प्लग काढले की तीन नंबरचाच पांढरा, म्हणजे जास्त तापलेला. बुश एकदम टाइट, पॉइंट नवे, स्ट्रोबवर (ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंगचा दिवा) टायमिंग बरोबर. मी रात्री अंथरुणावर पडून लोब मोजत होतो. त्या दिवसांत हे काम सोडून एखाद्या फाउंड्रीत चिकटावं असं खरंच मनात यायचं, म्हणून तुम्हाला एवढं कानीकपाळी ओरडून सांगतोय.

उपाय साधा आहे. बीटलचा फायरिंग ऑर्डर 1-4-3-2, म्हणजे एक आणि तीन पुलीच्या एकाच खुणेवर येतात. स्ट्रोब आधी एक नंबरच्या वायरीला लावा, खूण बघा, मग तीन नंबरला लावा. तीन नंबर तीन-चार डिग्री उशिरा दिसला तर सगळं बरोबर. लवकर दिसला तर शाफ्ट उलटा आहे, डेल्को बाहेर काढा. दोन्ही सारखे दिसले तर तुमच्या कॅमला तो मागचा लोबच नाही, काळजी सोडा. स्ट्रोब नसेल तर डेल्को व्हाइसमध्ये धरा, डिग्रीची तबकडी, बॅटरी आणि बल्ब घेऊन हातानं फिरवा. पॉइंट उघडण्याच्या जागा 0, 90, 180, 270 वर याव्यात आणि मागचा लोब असेल तर एकच दीड-दोन डिग्री उशिरा, कारण डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. तो उशिराचा लोब सापडला की रोटर कुठं बघतोय ते बॉडीवर मार्करनं लिहून ठेवा. खोलण्याआधीच रोटरची खाच आणि डॉगची बाजूला सरकलेली जीभ दोन्ही एका फोटोत घ्या. इंजिनातला डेल्को फिरवणारा ड्राइव्ह पिनियन कुणी उलटा बसवला असला तरी गाडीवरच्या स्ट्रोबच्या टेस्टमध्ये तेही सापडतं. वायरी फिरवून भागवायचं नाही म्हणजे नाही.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका म्हणणारे भेटतील. मॉड्यूल वाईट नाही, पॉइंट जळायची कटकट जाते, पण शाफ्ट हलतोय तो हलतोयच आणि उलटा लोब उलटाच. आधी बुश, मग मॉड्यूल. घासलेल्या डेल्कोवर मॉड्यूल विकून पैसे घेणं मला पटत नाही.

अ‍ॅडव्हान्सचा व्हॅक्यूमचा डबा असेल तर नळीनं तोंडानं ओढा आणि जिभेनं भोक दाबा, ओढ टिकली तर पडदा चांगला. पॉइंटच्या प्लेटपासून बॉडीला जाणारी बारीक अर्थिंगची वायर वरनं चांगली दिसते आणि आतनं तुटलेली असते, ती ओढून बघा. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात, रोटरखालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब, जास्त नको.

कामं मिळतील का असं विचाराल तर फक्त बीटलवर घर चालणार नाही, आपल्या भागात गाड्या किती आहेत ते तुम्हालाही दिसतंय. पण कोल्हापूर, गोवा, हुबळीकडनं शौकीन लोक चांगला माणूस शोधत येतात आणि मधल्या वेळात पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुन्या जीप आहेतच. नुसता डेल्को कुणी पार्सलनं पाठवला तर घेण्याआधी मालकाला फोन करा, गाडी कुठल्या सालची आणि कॅपवर एक नंबरची वायर कुठल्या घरात आहे त्याचा फोटो मागा. फोटोत एक नंबरचं घर खाचेच्या समोरच्या बाजूला असेल तर शाफ्ट उलटा असण्याची शंका धरा, आणि बुशचा भाव सांगण्याआधी त्याला हे सांगा.