मन शांत करायला रांगोळी काढताय? मग या चुका टाळा

ऑफिसात वाजलं, घरी आलात, कुणीतरी म्हणालं, "जरा चित्र काढ, बरं वाटेल." तुम्ही कागद घेऊन बसलात आणि दहा मिनिटांत चिडून उठलात. 'आपल्याला कला जमत नाही' असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा नुसता क्रम चुकलेला असतो.

संतापलेलं किंवा घाबरलेलं शरीर पळायच्या तयारीत असतं. छाती धडधडते, खांदे वर चढतात, तळहात ओले होतात. अशा वेळी बारीक नक्षी काढायला बसणं म्हणजे उधळलेल्या बैलाला सुई ओवायला सांगणं. आधी जिना दोनदा चढा-उतरा, हात झटका, पायांनी ठेका धरून पाचेक मिनिटं जागच्या जागी चाला. अंगातला जोर थोडा उतरला की मग बसा.

दुसरी चूक म्हणजे कोरा कागद. 'मनात येईल ते काढा' हे ऐकायला छान वाटतं, पण अस्वस्थ मनाला तोही एक प्रश्नच असतो. करी आणि कॅसर या अमेरिकन संशोधकांनी २००५ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांची चिंता मुद्दाम वाढवली, मग काहींना मंडल, म्हणजे वर्तुळात बसवलेली नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. माझ्या मते आपली ठिपक्यांची रांगोळी याच जातीची आहे. सात ठिपके, सात ओळी; पुढची रेघ कुठे न्यायची ते ठिपकेच सांगतात.

रेघ ओढताना श्वास रोखू नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं हे काम. म्हणून चिमटीतून रांगोळी सोडताना श्वासही सावकाश सोडा. गुणगुणलात तर तो आपोआप लांबतो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायकांचा श्वासही तसाच लांबत असणार, शिवाय अंग तालात झुलायचं ते वेगळंच.

फुगडीचं मात्र उलट. मजा येते, पण ठोके वाढतात आणि गरगरतं. झोपेआधी ती नको. उभं राहून डावी-उजवीकडे हळू डोलणं पुरे.

आणि फोटो! स्टेटसला टाकायचा विचार आला की रेघ सरळ आली का, याचीच काळजी सुरू होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज असं काहीबाही केलं. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, कमी झालं आणि आधी कला शिकलेले-न शिकलेले यात फरक दिसला नाही. तेव्हा वाकडी आली तरी पुसू नका.

कधी हे करताना उलट घाबरायला होतं, जुनं काही वर येतं. तेव्हा रेटू नका. डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेली-मानस फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसायचा हट्ट नको. टेबलावर काळी पाटी आणि खडू घेतला तरी चालतं.