दोन व्हेंडर, एकच प्लेटर: परचेसमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

परचेस किंवा सप्लाय चेनमध्ये नव्यानं लागलेल्या मुलामुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्या प्रत्येक क्रिटिकल पार्टला दोन सोर्स आहेत." ऑडिटला हे वाक्य चालतं. कस्टमरच्या रिस्क शीटमध्ये हिरवा रंगही भरता येतो. पण त्या हिरव्या रंगावर झोप लागत असेल, तर आधी पुढचं वाचा.

एमआरपी (कोणता माल कधी, किती लागेल त्याचं नियोजन), लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ), सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीचा साठा), एबीसी (खर्चानुसार पार्टची वर्गवारी, ‘ए’ सगळ्यात महाग) तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. सेफ्टी स्टॉकच्या सूत्राबद्दल एवढंच सांगते की ते रोजच्या चढउतारासाठी आहे. गाडी दोन दिवस उशिरा आली, शेड्यूल दहा टक्के वाढलं, इथपर्यंत ते साथ देतं. पुरवठाच महिनाभर थांबला तर त्या सूत्राकडे उत्तर नाही.

आता मी जिथे अडकले ते सविस्तर सांगते. आमच्याकडे एक साधी शीट मेटलची ब्रॅकेट होती, झिंक-निकेल प्लेटिंगची, म्हणजे गंज लागू नये म्हणून त्या धातूंचा मुलामा दिलेली. किंमत इतकी किरकोळ की ‘सी’ क्लासमध्ये. एक व्हेंडर भोसरीचा, दुसरा साताऱ्याचा, साठ-चाळीसची वाटणी. भोसरीवाल्याचा फोन आला, "मॅडम, प्लेटिंग अडकलंय, दोन दिवस द्या." दोन दिवस म्हणजे काय ते तुम्हालाही कळेल हळूहळू. साताऱ्याला फोन लावला, म्हटलं शेड्यूल वाढवून देते. तो म्हणाला, "माझाही माल तिथंच पडलाय." तिथंच म्हणजे कुठं? तर दोघंही एकाच प्लेटिंगवाल्याकडे जॉबवर्कला, म्हणजे तेवढं काम बाहेरून करून घ्यायला, पाठवत होते आणि सांडपाण्याच्या भानगडीत त्या शेडची वीज तोडली होती.

साताऱ्याचा माणूस एवढ्या लांब माल का पाठवत होता? कारण आमच्याच क्वालिटीच्या मंजूर यादीत झिंक-निकेलला ते एकच नाव होतं. म्हणजे दोन्ही वाटा एका जागी आणून बांधल्या होत्या आम्हीच. घरात नळ दोन आहेत म्हणून निश्चिंत राहायचं आणि वर टाकी एकच, तसला प्रकार.

मग दुसरा प्लेटर पकडा, असं मीटिंगमध्ये सगळेच म्हणतात. प्लेटर मिळतो, ट्रायल लॉट दोन दिवसांत होतो. अडतं ते पुढे. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: सॉल्ट स्प्रे ७२० तास, तांबडा गंज नको. म्हणजे बंद चेंबरमध्ये मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात पार्ट तेवढे तास ठेवून बघायचा. ७२० भागिले २४ म्हणजे ३० दिवस. त्या चेंबरवर कोणी कितीही ओरडलं, प्लांट हेडनं स्वतः फोन केला, तरी तिथला तास साठ मिनिटांचाच. आमच्याकडे स्टॉक आठवडाभराचाही नव्हता. शेवटी कस्टमरच्या मिनतवाऱ्या करून, कमी तासांच्या निकालावर, ठरावीक नगांपुरतं डेव्हिएशन, म्हणजे अटीतून तात्पुरती सूट, मिळालं. ते दरवेळी मिळेल असं धरून चालू नका. सेफ्टीच्या पार्टला तर मिळणारच नाही, आणि मिळूही नये.

खरं म्हणजे हे आधी दिसण्यासारखं होतं. दोन्ही व्हेंडरच्या पीपीएपी फायली (पार्ट मंजूर करून घेताना व्हेंडर देतो ते कागद) शेजारी शेजारी उघडल्या, सॉल्ट स्प्रेचे रिपोर्ट काढले, तर लेटरहेड एकच आणि खाली सहीही एकाच माणसाची. फायली दोन वेगवेगळ्या इंजिनिअरनी तपासल्या होत्या, एकत्र कोणी पाहिल्याच नव्हत्या. म्हणून पहिलं काम हेच करा. ज्या पार्टला दोन सोर्स आहेत असं सांगितलं जातं, त्याच्या दोन्ही फायली एकाच टेबलावर घ्या. हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट कोणाचा, प्लेटिंगचा कोणाचा, कच्च्या मालाचं मिल सर्टिफिकेट कोणत्या मिलचं, जॉबवर्कचं चलन कोणाच्या नावानं फाटतं, ते बघा. व्हेंडरकडे गेलात तर कॉन्फरन्स रूममधलं प्रेझेंटेशन लवकर आटपा आणि डिस्पॅचला जाऊन विचारा, इथून टेम्पो कुठं जातो. टेम्पोवाला खरं सांगतो, त्याला लपवण्यासारखं काही नसतं.

ही गाठ दरवेळी प्लेटिंगमध्येच असेल असं नाही. कधी ती डायमध्ये, म्हणजे पार्टला आकार देणाऱ्या साच्यात असते: डाय तुमच्या मालकीची, संच एकच, मग कागदावर दुसरा व्हेंडर असून काय उपयोग? कधी ती रस्त्यात असते. कास्टिंगसाठी कोल्हापूरकडची एक फाउंड्री गोकुळ शिरगावची, एक कागलची, म्हणजे दोन सोर्स झाले असं वाटतं. नकाशा उघडा. दोन्ही पंचगंगेच्या दक्षिणेला आणि पुण्याची गाडी शिरोलीवरूनच येणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. जून संपायच्या आत तिकडचा थोडा माल अलीकडे आणून ठेवायला फार डोकं लागत नाही, गोडाऊनचं भाडं लागतं.

मोठ्या कंपन्याही यात सापडल्या आहेत, त्यामुळे स्वतःला फार कमी लेखू नका. २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर जगातल्या कितीतरी कार कंपन्यांना कळलं, की चकाकणाऱ्या पेंटमधलं एक पिगमेंट मर्क या जर्मन कंपनीच्या ओनाहामा इथल्या एकाच कारखान्यात बनतं. फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, ते योग्यच होतं, पण काही मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा पुरवठा थांबला आणि गॅस कटिंगवर चालणारी फॅब्रिकेशनची शेडं बसून राहिली. व्हेंडर पाच असोत की पन्नास, सिलिंडर सगळ्यांनाच लागतो. आणि एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा ती चुंबकं लागणाऱ्या इलेक्ट्रिक मोटरचे तीन-तीन सप्लायर असलेल्या दुचाकीवाल्यांनाही घाम फुटला.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्डसोबत केलेलं काम यासाठी जरूर वाचा. मोठमोठ्या शब्दांच्या गर्दीत त्यांचे दोन प्रश्न मला कामाचे वाटतात. ही जागा बंद पडली तर पुन्हा उभी राहायला किती दिवस लागतील? आणि तोवर आपण किती दिवस तग धरू? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथं काम करायचं. आमच्या ब्रॅकेटचं गणित यात मांडलं तर सरळ दिसतं: उभं राहायला महिन्याहून जास्त, तग आठवड्याचीही नाही. त्यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट म्हणजे जास्त खर्चाच्या पार्टवरच जास्त धोका असतो असं नाही. म्हणून एबीसीची यादी रेट निगोशिएशनला वापरा, धोका शोधायला नको.

स्टॉकबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. ‘जस्ट इन टाइम’च्या नावाखाली मार्चअखेर इन्व्हेंटरी कापणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या टोयोटाची शपथ घेऊन हे चालतं, तिनंच २०११ नंतर चिपच्या सप्लायरांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला, आणि २०२१ च्या टंचाईत सुरुवातीचे काही महिने ती इतरांपेक्षा बरी तरली. पण सगळ्याच पार्टचा साठा वाढवू नका, फायनान्सवाले जगू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. वर सांगितलेल्या गणितात जे नापास होतील तेवढेच घ्या.

टोयोटाचंच १९९७ चं उदाहरणही माहीत असू द्या. आयसिन या त्यांच्या सप्लायरच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास तिथूनच यायचा, जपानमधल्या टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. मग कधीही तो व्हॉल्व्ह न बनवलेल्या कितीतरी सप्लायरांनी ड्रॉइंग घेऊन तो बनवायला घेतला आणि आठवड्याच्या आसपास गाड्या पुन्हा निघू लागल्या. त्यांनी दराची वाटाघाटही आधी केली नाही. तुमच्यासाठी कोण असं धावेल? ज्याचं बिल तुम्ही पाच महिने लटकवलंय तो तर नक्की नाही. लघुउद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, आता उशीर केला तर आयकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून फायनान्सलाही तो आठवतो. परचेसच्या माणसानं पेमेंट ‘आपलं खातं नाही’ म्हणून झटकू नये. व्हेंडर फोन तुम्हालाच करतो.

शिकायचं कोणाकडून? सहा महिन्यांचे ‘रेझिलिअन्स’चे सर्टिफिकेट कोर्स मी तरी सुचवणार नाही. इनवर्डच्या, म्हणजे माल आत येतो त्या गेटवर जो जुना माणूस असतो, त्याच्यासोबत पंधरा दिवस चहा प्या. कोणाचा माल कोणाच्या गाडीतून येतो, कुठल्या पेटीवर कोणाचं जुनं स्टिकर आहे, हे त्याला पाठ असतं. डॅशबोर्डवर दिसतं ते आपण भरलेलंच. गुरू म्हणून मिरवणाऱ्या सीनिअरपासून मात्र जपून राहा. जो लाइन थांबल्यावर पहिल्यांदा "मेल टाकला होता का?" असं विचारतो, त्याच्याकडून मेल टाकायलाच शिकाल.

घाबरवायचा हेतू नाही. सुरुवातीला प्रत्येक फोन अंगावर येतो, आपल्यामुळेच लाइन थांबली असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, आणि सगळी साखळी एकट्यानं उलगडायचीही नसते. आधी असे चार-पाच पार्ट घ्या, ज्यांच्या मंजुरीची चाचणीच महिनाभर चालते. त्यांच्यासाठी दुसरा प्लेटर, दुसरा हीट ट्रीटमेंटवाला आजच, काही अडलेलं नसताना, मंजूर करून ठेवा आणि त्याला अधूनमधून थोडा माल देत राहा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो ओळख दाखवणार नाही. ट्रायल आणि टेस्टिंगला बजेट नाही असं उत्तर येईल. त्याच मेलमध्ये लाइन एक दिवस थांबली तर किती नुकसान होतं तो आकडा लिहून पुन्हा पाठवा. तरीही नाही म्हणाले, तर तो मेल जपून ठेवा. हो, मेल टाकायला मीही शिकलेच.