पालेभाजी पानातच राहते? या चुका टाळा

गोव्यात पालेभाजीला तोटा नाही. पावसाळ्यात तायकिळा (टाकळा), अळू, तेरें (रानअळू), शेवग्याचा पाला. पाऊस सरला की बाजारात तांबड्या भाजीच्या जुड्या. तरी कितीतरी घरांत भाजी होते ती सोमवारी, शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण म्हणून. पहिली चूक हीच. हुमणाच्या, म्हणजे मासळीच्या आमटीच्या दिवशीही पानात दोन चमचे भाजी वाढा. पाल्यातलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. जोडीला मासळी असली किंवा वर लिंबू पिळलं की ते जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर उलट होतं. शिवाय ओळखीच्या हुमण-भाताबरोबर मुलंही नवी भाजी निमूट चाखून बघतात.

तांबडी भाजी पाणचट होते

बहुतेक वेळा ती चिरून धुतलेली असते. मग लाल रंग पाण्यात उतरतो, आणि क जीवनसत्त्वही. अख्खी पानं दोन-तीन पाण्यांतून काढा. माती तळाशी बसते, म्हणून भांडं चाळणीत ओतू नका, भाजी हाताने वर उचला. निथळली की चिरा. कढईत कांदा-हिरवी मिरची परतून आधी कोवळे देठ, मग पानं. वरून पाणी नको, झाकणही नको. मीठ पानं खाली बसल्यावरच घाला. ढीगभर पाल्याची मूठभर भाजी होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. शेवटी ओलं खोबरं. वजनाच्या भीतीने ते गाळू नका, कारण पाल्यातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश हवाच.

अळू-तेरें घशाला खाजतं

त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अर्धकच्ची भाजी उतरवली की ते घशाला टोचतात, आणि एकदा घसा खाजला की मूल वर्षभर अळवाकडे बघत नाही. चिरताना हाताला तेल लावा, पानं पूर्ण गळेपर्यंत शिजवा, आंबाडे किंवा चिंच सढळ हाताने घाला. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं.

निवडायला वेळ कुठे आहे?

शेवग्याचा पाला सकाळच्या घाईत ओरबाडला की काड्या भाजीत येतात, दातांत अडकतात आणि मुलं ताट सरकवतात. डहाळ्या रात्री सुक्या फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवा. सकाळी फडकं झटकलं की बरीचशी पानं आपोआप गळतात, काड्या हातात राहतात. इतर भाज्या आणल्या दिवशीच निवडा, पण न धुता कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ओली ठेवली तर लवकर सडते.

मुलांना बळजबरी

वाटीभर भाजी वाढून «संपव» म्हटलं की हट्ट सुरू होतो. चमचाभरच वाढा, आपणही त्यांच्यासमोर खा, आणि नाही खाल्ली तर गप्प राहून दोन दिवसांनी पुन्हा वाढा. पाला लपवून खिलवणं मला पटत नाही. एकदा कळलं की मूल पुढचा प्रत्येक घास उलगडून बघतं. त्यापेक्षा तांदळाच्या पोळ्याच्या पिठात शेवग्याची पानं दिसतील अशीच घाला आणि तव्यावर पसरायचं काम त्यांनाच द्या. रात्रीची तांबडी भाजी उरली असेल तर सकाळी अंड्यात फेटून ऑम्लेट करा आणि गरम पोईत (गोव्याच्या पावात) भरून डब्याला द्या.