डिस्कॉर्ड बॉट बॅन होऊ नये, हातचा जाऊ नये म्हणून काय करायचं

सगळ्यात आधी टोकन, म्हणजे बॉटला लॉग इन करायची गुप्त चावी, सांभाळा, कारण ज्याच्या हाती टोकन त्याचा बॉट, पासवर्डबिसवर्ड काही विचारत नाही. टोकन कोडमध्ये लिहूच नका, वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये (.env, गुप्त सेटिंगची फाइल) ठेवा आणि गिटहबवर काही टाकायच्या आधी ती फाइल गिटइग्नोरमध्ये (वर न पाठवायच्या फाइलींची यादी) घाला. चुकून गेलंच तर नुसतं डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या आवृत्तीत) ते तसंच राहतं, म्हणून लगेच डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टलवर जाऊन बॉटच्या पानावर रीसेट टोकन दाबा, जुनं त्याच क्षणी बाद होतं.

मग रेट लिमिट, म्हणजे बॉट डिस्कॉर्डला किती वेगाने रिक्वेस्ट (विनंत्या) पाठवू शकतो त्याची मर्यादा. एकूण मर्यादा सेकंदाला ५० रिक्वेस्टची आहे, ४२९ एरर (मर्यादा ओलांडल्याची खूण) आला की त्याच्यासोबतच्या रिट्राय-आफ्टरमध्ये दिलेला वेळ थांबायचंच, लूपमध्ये परत परत मारत बसलात आणि १० मिनिटांत १०,००० चुकीच्या रिक्वेस्ट गेल्या तर आयपीच काही काळ ब्लॉक होतो. न मागता सगळ्यांना डीएम पाठवणं तर अजिबात नको.

स्वतःच्या अकाउंटला टूएफए (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सुरक्षा) लावा हो, अकाउंट गेलं की बॉटही गेला! अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परमिशन सरसकट मागू नका, लागतील तेवढ्याच घ्या. आणि डेटाबेसचा बॅकअप दुसरीकडे ठेवा, म्हणजे नवा बॉट उभा करायची वेळ आली तरी सेटिंग जात नाहीत.